पुठ्ठ्याचे नव्वद तुकडे आणि सजातीय पदे: एका बीजगणित संचाचे परीक्षण

सातवीच्या गणितात 'बैजिक राशी व त्यांवरील क्रिया' हे प्रकरण सुरू झाले की वर्गातल्या बऱ्याच मुलांचा गणिताशी असलेला घरोबा तुटतो, हे मी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत दरवर्षी पाहिले. तोपर्यंत तीन अधिक पाच बरोबर आठ असे नेटके उत्तर हाती येत असते. आता ३क्ष + ५य याचे उत्तर विचारले तर ते ३क्ष + ५य असेच राहते आणि मुलाला वाटते की आपले गणित अर्धवट राहिले. मग ते पुरे करण्याच्या घाईत ते ८क्षय लिहून मोकळे होते. निवृत्तीनंतर अंबाजोगाईत शेजारच्या मुलांना घरी शिकवू लागले तेव्हा हीच चूक पुन्हा समोर आली, म्हणून गेल्या जून महिन्यात छत्रपती संभाजीनगरला गेले असताना औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून सजातीय पदांची, म्हणजे ३क्ष आणि ५क्ष अशा, अक्षरांचा भाग अगदी सारखा असलेल्या पदांची, बेरीज-वजाबाकी शिकवणारा एक संच ५४० रुपयांना घेतला. पावसाळाभर तो सातवीतली दोन आणि आठवीतला एक अशा तीन मुलांच्या हाती होता. उत्पादकाचे आणि दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रारीचा भाग मोठा आहे आणि मला ती संचाविषयी करायची आहे, माणसांविषयी नाही.

खोक्यात जाड, चकचकीत पुठ्ठ्याचे ९० तुकडे, ६४ पानांची एक कार्यपुस्तिका आणि घडी घातलेले एक सूचनापत्रक आहे. सर्वांत छोटा तुकडा दोन सेंटिमीटर बाजूचा पिवळा चौरस असून तो १ दाखवतो. असे ४० आहेत. हिरव्या पट्ट्या २४ आहेत, त्या प्रत्येकी एक क्ष. निळे मोठे चौरस ८, ते क्षवर्ग. याशिवाय य साठी नारिंगी रंगाच्या १२ लांब पट्ट्या आणि क्षय या पदासाठी ६ आयत दिले आहेत. प्रत्येक तुकड्याची मागची बाजू लाल आहे आणि तो लाल बाजूने ठेवला की त्याची किंमत ऋण होते. संचावर चलांसाठी इंग्रजी अक्षरे छापली आहेत, आणि आजच्या मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांतही तीच असल्यामुळे त्यात गैर काही नाही; मी मात्र ज्या अक्षरांवर बीजगणित शिकले तीच, म्हणजे क्ष आणि य, या लेखात ठेवते.

पुठ्ठा चांगला आहे. तीन मुलांनी चार महिने हाताळूनही कोपरे दुमडलेले नाहीत, आणि एकदा त्यावर चहा सांडला तेव्हा ओल्या फडक्याने पुसून काम भागले. खोके मात्र पहिल्या आठवड्यातच फाटले. सध्या सर्व तुकडे मिठाईच्या रिकाम्या डब्यात राहतात.

सूचनापत्रकाबद्दल काय लिहावे? त्याच्या पहिल्याच ओळीत 'सारख्या अटी एकत्र करा' असे छापले आहे. मी ते दोनदा वाचले आणि मग उलगडा झाला. इंग्रजीतल्या 'टर्म' या शब्दाचे पद, मुदत, अट असे अनेक अर्थ होतात आणि भाषांतर करणाऱ्याने, किंवा बहुधा भाषांतर करणाऱ्या यंत्राने, त्यातला करारनाम्यात शोभणारा अर्थ उचलला. पुढे सहगुणकाला, म्हणजे ३क्ष मधल्या ३ सारख्या संख्येला, 'कार्यक्षम' म्हटले आहे. कोणते मूल या पत्रकावरून बीजगणित शिकणार आहे, हा प्रश्न छापणाऱ्याला पडला नसावा. सुदैवाने कार्यपुस्तिका दुसऱ्या कोणीतरी, मराठीतूनच विचार करून लिहिलेली दिसते. तिच्यात पद, सहगुणक, चल, सजातीय पदे, विजातीय पदे हे सगळे शब्द वर्गात वापरले जातात तसेच येतात. पत्रक रद्दीत टाकून पुस्तिका उघडावी, ही माझी पहिली सूचना.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या प्रकरणाचा सर्वांत रुळलेला दाखला म्हणजे 'तीन आंबे आणि पाच पेरू यांची बेरीज होत नाही'. सुरुवातीची काही वर्षे मीही तोच देत असे. त्यात खोट अशी की क्ष हे अक्षर आंब्याच्या जागी बसते, म्हणजे वस्तू बनते, आणि बीजगणितात तर ते एका संख्येच्या जागी बसलेले असते. क्षवर्ग आला की आंब्याला आंब्याने गुणायचे कसे, हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय तीन आंबे आणि पाच पेरू मिळून आठ फळे होतात, हे चाणाक्ष मूल लगेच दाखवून देते, आणि त्याचे काही चुकलेलेही नसते.

म्हणून मी पुढे आमच्या भागातला कट्ट्यांचा, म्हणजे धान्याच्या पोत्यांचा, दाखला वापरू लागले. ट्रॅक्टरमधून मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीनचे आधी तीन कट्टे उतरले, मग पाच उतरले. प्रत्येक कट्ट्यात सारखाच, क्ष किलो माल भरलेला आहे, पण काटा अजून झालेला नाही. तरीही एकूण माल ८क्ष किलो आहे हे काट्याआधीच सांगता येते, कारण एका कट्ट्याचे वजन कितीही निघाले तरी ते तीन वेळा आणि पाच वेळा, म्हणजे आठ वेळाच धरले जाणार आहे. त्याच ट्रॅक्टरमध्ये तुरीचे दोन कट्टे असले आणि त्यांत प्रत्येकी य किलो तूर असली तर एकूण वजन ८क्ष + २य किलो होते. ही बेरीज होत नाही असे म्हणणेच चूक आहे. ती झालेली आहे, फक्त काटा होईपर्यंत ती याहून थोडक्यात लिहिता येत नाही. कट्टे दहा आहेत हेही खरे, परंतु हमालाने कट्टे मोजणे वेगळे आणि अडत्याने वजन मोजणे वेगळे. आपल्याला विचारलेले आहे ते वजन.

संचातली हिरवी पट्टी या न मोजलेल्या कट्ट्याचेच काम करते, आणि कट्ट्यापेक्षा एक पाऊल पुढेही जाते. तीन हिरव्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की तीन रुंद आणि क्ष लांब असा आयत होतो. त्याला आणखी पाच पट्ट्या लावल्या की आठ रुंद आणि क्ष लांब असा मोठा आयत होतो. ३क्ष + ५क्ष = (३ + ५)क्ष हा वितरण गुणधर्म, जो एरवी फळ्यावरची एक ओळ म्हणून मुले लिहून घेतात, तो येथे टेबलावर दिसतो. सजातीय पदे एकत्र करता येण्याचे कारण हेच आहे, की दोन्हींत एकच संख्या पुन्हा पुन्हा घेतलेली असते. आता त्या तीन हिरव्यांच्या शेजारी पाच नारिंगी पट्ट्या लावून पाहाव्यात. लांबी वेगळी असल्यामुळे काठ पायरीसारखा राहतो आणि आयत होतच नाही. ३क्ष + ५य हे उत्तर पूर्ण का आहे, हे समजावताना माझा जो अर्धा तास जात असे, तो त्या पायरीने वाचवला.

क्षवर्गाचेही तसेच. २क्ष + ३क्षवर्ग याचे उत्तर ५क्षघन लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. सहगुणकांची बेरीज करायची तर घातांकांचीही का नको, असा त्यांचा हिशेब असतो. दोन अरुंद पट्ट्या आणि तीन मोठे निळे चौरस समोर ठेवल्यावर हा हिशेब आपोआप सुटतो. ताळा करायचा झाल्यास क्ष ची किंमत १ घेऊ नये, कारण तेव्हा दोन्हीकडे ५ येतात आणि चूक लपते. २ घेतल्यास मूळ राशी ४ + १२, म्हणजे १६ होते आणि ५क्षघन ४० होते. किंमत घालून ताळा करण्याची ही सवय कार्यपुस्तिकेने दुसऱ्या धड्यापासूनच लावली आहे आणि त्याबद्दल तिला पूर्ण गुण द्यायला हवेत. फक्त पहिल्या चार उदाहरणांत तिने नेमका १ च घेतला आहे.

ऋण पदांसाठी लाल बाजू वापरायची असते. एक हिरवी आणि एक लाल क्ष-पट्टी समोरासमोर आली की दोन्ही वळत्या होतात आणि उचलून डब्यात टाकायच्या. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकले होते आणि बीजगणिताला ते शेवटपर्यंत 'जब्र-ओ-मुकाबला' म्हणत. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथापासून हे दोन शब्द जोडीने चालत आले आहेत. त्यातला मुकाबला म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजूंची सजातीय पदे आमनेसामने आणून वळती करणे. टेबलावर हिरवी-लाल जोडी उचलताना मला दर वेळी आजोबांचा तो शब्द आठवतो, आणि मुलांनाही 'ऋण पद वजा होऊन शून्य' यापेक्षा 'मुकाबला झाला' हे अधिक आवडले.

याच खेळात ४क्ष − क्ष = ४ ही जुनी चूकही निघाली. क्ष च्या मागे काही लिहिलेले नाही म्हणजे तेथे सहगुणक नाही, आणि वजा करायचे म्हणजे अक्षर पुसायचे, असे मुलांना वाटत असते. चार पट्ट्यांतून एक पट्टी प्रत्यक्ष उचलणाऱ्या मुलाने चार हे उत्तर दिलेले मी अद्याप पाहिलेले नाही. न लिहिलेला १ त्याच्या हातातच असतो.

लाल बाजूवर वजाचे चिन्ह छापायला हवे होते. ज्या मुलाला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्याच्यासाठी क्ष आणि −क्ष यांत काहीच फरक राहत नाही, आणि असे मूल वर्गात असू शकते. मी काळ्या मार्करने सर्व नव्वद तुकड्यांच्या मागे आडवी रेघ मारून घेतली.

येथपर्यंत संच मला पसंत होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र शेजारच्या सातवीतल्या मुलीने एक उदाहरण असे सोडवले की मी वही हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. उदाहरण होते २क्ष + ४ + क्ष + ३. तिने ३क्ष + ७ पर्यंत सगळे बरोबर केले, आणि त्यापुढे एक ओळ वाढवून ४क्ष + २ असे उत्तर लिहिले. मी विचारले, "हे चार कुठून आले गं?" तिने पिवळे पाच चौरस रांगेत लावले, शेजारी हिरवी पट्टी ठेवली आणि म्हणाली, "बाई, हे बघा ना, पाच सुट्ट्यांची एक पट्टी होते. मग पाच देऊन एक घेतली. दोन उरले."

मी पट्टी घेऊन मोजले. चौरस दोन सेंटिमीटरचा, हिरवी पट्टी बरोबर दहा सेंटिमीटरची. नारिंगी पट्टी चौदा सेंटिमीटरची, म्हणजे बरोबर सात चौरस. त्या मुलीचे काहीही चुकले नव्हते; पहिली-दुसरीत दहा सुटे देऊन दशकाचा एक दांडा घ्यायला तिला शिकवले गेले आणि तिने तेच इमानाने येथे केले. संचानेच तिला सांगितले होते की क्ष म्हणजे ५. एकदा क्ष ची किंमत ५ ठरली की मग ३क्ष + ७ तरी कशाला, सरळ २२ लिहावे; बीजगणित करण्याचे कारणच उरत नाही.

हा दोष किरकोळ नाही, म्हणून त्यावर थोडे थांबते. अंकगणितातली स्थानिक किंमत आणि बैजिक राशी यांची घडण एकच आहे. ३४७ म्हणजे ३ शतक, ४ दशक, ७ एकक; आणि ३क्षवर्ग + ४क्ष + ७ यात क्ष च्या जागी १० घातले की तीच संख्या मिळते. शतके शतकांत, दशके दशकांत मिळवायची, हे मूल दुसरी-तिसरीपासून करतच असते आणि सजातीय पदांची बेरीज म्हणजे तीच शिस्त आहे. फरक एवढाच, की अंकगणितात दहा सुट्यांचा एक दशक होतो म्हणून हातचा घेता येतो, आणि बीजगणितात किती सुट्यांचा एक क्ष होतो हे ठाऊकच नसते म्हणून हातचा कधीच घेता येत नाही. ७ आणि ८ अशी सुट्या एककांची गर्दी झाली तरी ती १५ एकक म्हणूनच राहणार. हा फरक ज्या साधनाने शिकवायचा त्याच साधनात क्ष ची लांबी एककाच्या नेमक्या पाचपट ठेवणे, म्हणजे कट्ट्यावर वजन छापून तो मोंढ्यात आणणे झाले. या प्रकारचे नीट बनवलेले संच क्ष ची बाजू जाणूनबुजून एककाच्या पटीत बसणार नाही अशी ठेवतात. कितीही चौरस लावले तरी शेवटी थोडी फट उरते किंवा थोडा भाग बाहेर येतो, आणि ती फटच मुलाला सांगते की येथे देवाणघेवाण चालणार नाही.

मी एका रविवारी कात्री आणि पट्टी घेऊन बसले. हिरव्या पट्ट्या ९.३ सेंटिमीटरवर आणल्या, नारिंगी १२.९ वर, त्याच मापांनी निळे चौरस दोन्ही बाजूंनी आणि क्षय चे आयतही कापले, कारण क्षवर्गाची बाजू क्ष एवढी आणि क्षय च्या बाजू क्ष व य एवढ्याच राहायला हव्यात. पन्नास तुकडे कापायला जवळजवळ तीन तास लागले. पुठ्ठा जाड असल्याने अंगठ्याला फोड आला, पण कडा सुटल्या नाहीत. त्यानंतर त्या मुलीने पुन्हा पाच चौरस लावून पाहिले, पाचवा किंचित बाहेर राहिला, तेव्हा तिने चौथ्यावर थांबून पाहिले, मग फट दिसली, आणि पट्टी खाली ठेवून ती म्हणाली, "मग हे ३क्ष + ७ असंच राहू द्यायचं का?" त्या प्रश्नासाठी तीन तास गेले असतील तर ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. तरीही ५४० रुपये मोजणाऱ्या ग्राहकाने कात्री घेऊन बसावे, हे काही उत्पादकाचे भूषण नव्हे.

कार्यपुस्तिकेत चुका आहेत आणि त्या मोजक्या असल्या तरी नको तेथे आहेत. काही पानांवर घातांक वर न छापता ओळीतच छापला गेला आहे, त्यामुळे ३क्ष च्या पुढे साधा २ दिसतो. आठवीतल्या मुलाने तो गुणाकार समजून ६क्ष केले आणि त्याला मी चूक म्हणू शकले नाही. उत्तरसूचीत मला तीन उत्तरे चुकीची सापडली. त्यातले एक मी शोधलेले नाही, त्या मुलीने शोधले. उदाहरण असे होते: ७क्ष − ३य − (२क्ष − ५य). छापील उत्तर ५क्ष − ८य.

कंसाच्या आधी वजाचे चिन्ह असले की आतल्या प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते, हा नियम मुले पाठ करतात आणि फक्त पहिल्या पदाला लावतात. या संचाने त्यावर चांगला तोडगा दिला आहे. कंसातली राशी वेगळ्या कागदावर मांडायची आणि कागदावरचा प्रत्येक तुकडा उलटा करायचा. मुलीने वर सात हिरव्या आणि तीन लाल य-पट्ट्या मांडल्या. कागदावर दोन हिरव्या आणि पाच लाल य-पट्ट्या ठेवल्या, मग एकेक करून सर्व सात उलटल्या. दोन हिरव्या लाल झाल्या, पाच लाल नारिंगी झाल्या. मुकाबला झाला, आणि टेबलावर पाच हिरव्या व दोन नारिंगी राहिल्या. तिने उत्तरसूची पाहिली, पुन्हा सगळे मोडून मांडले, पुन्हा तेच आले. "बाई, पुस्तकातलंच चुकलंय," असे ती जरा भीतभीतच म्हणाली. दोन्ही चलांची किंमत १ घालून पाहा, असे मी सांगितले. मूळ राशी ७ आली, तिचे उत्तर ७ आले, पुस्तकाचे उणे ३ आले. ज्याने ती उत्तरसूची तयार केली त्याने कंसातल्या दुसऱ्या पदाचे चिन्ह बदलले नव्हते, म्हणजे जी चूक टाळायला पुस्तिका शिकवते नेमकी तीच केली होती. (येथे १ घेऊन चूक सापडली, हे खरे, वर मी जो इशारा दिला आहे तो घातांकांच्या चुकीपुरता आहे.)

या संचाची हद्दही सांगितली पाहिजे. क्षघन यासाठी तुकडा नाही आणि पुठ्ठ्याचा असूही शकत नाही. ३७क्ष मांडायला पट्ट्या पुरत नाहीत, अपूर्णांक सहगुणक दाखवता येत नाहीत, आणि ५ अवर्ग ब व ३ अ बवर्ग ही पदे विजातीय आहेत हे तर मुळीच दाखवता येत नाही. या ठिकाणी पुस्तिका शहाणपणाने तुकडे बाजूला ठेवायला सांगते आणि एक तक्ता देते, ज्यात पदातला सहगुणक झाकून उरलेला भाग अक्षरांच्या क्रमाने पुन्हा लिहायचा असतो. ४अब आणि ७बअ दिसायला वेगळी असली तरी अक्षरे क्रमाने लिहिल्यावर सारखी निघतात, आणि वरची जोडी क्रमाने लिहूनही वेगळीच राहते. ही चार पाने पूर्ण पुस्तिकेत सर्वोत्तम आहेत. तुकडे नसतानाही ती शिकवता येतील.

एका बाबतीत मात्र हळहळ वाटली. पुस्तिकेच्या शेवटी 'गणिताचा इतिहास' म्हणून अर्धे पान आहे आणि त्यात भारताविषयी 'शून्याचा शोध' यापलीकडे शब्द नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. हिरव्या-लाल पट्ट्यांचा खेळ त्याच नियमांवर चालतो. इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात तर आपला विषयच आहे: समान जातीच्या अव्यक्तांचीच, म्हणजे अज्ञात राशींचीच, बेरीज-वजाबाकी करावी आणि भिन्न जातीची वेगळी ठेवावीत. आपण आज ज्याला सजातीय म्हणतो तो शब्द असा आठ-नऊशे वर्षांच्या ओळखीचा आहे. पहिल्या अव्यक्ताला ते यावत्तावत् म्हणतात आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे देतात, म्हणजे काळा, निळा, पिवळा, तांबडा. ऋण संख्येच्या डोक्यावर ते टिंब देतात. निळ्या-पिवळ्या तुकड्यांचा संच विकणाऱ्याला याहून चांगली गोष्ट कोठे मिळणार होती? आणि ही काही दूरची गोष्ट नव्हे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेले की पाटणादेवीच्या परिसरातल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती मिळते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापणारा त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. मी ही माहिती एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

शाळांनी हा संच घ्यावा का, असे दोन जुन्या सहकाऱ्यांनी विचारले. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला एक संच म्हणजे शिक्षकाने दाखवायचा आणि मुलांनी मान उंचावून पाहायचा. त्याचा उपयोग थोडा आहे, कारण यातले शिकणे उचलण्या-उलटण्यात आहे. चार मुलांमागे एक धरल्यास दहा-बारा संच लागतील आणि खर्च सहा हजारांच्या आसपास जाईल. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिका गोळा करून मुलांकडूनच तुकडे कापून घेणे मला अधिक पटते. पत्रिकांचा कागद जाड असतो, एक बाजू बहुधा रंगीत असते, आणि लग्नसराईनंतर आपल्याकडे त्यांना तोटा नसतो. माप मात्र शिक्षकाने द्यावे. घरी एक-दोन मुलांसाठी घेणाऱ्या पालकांना संच उपयोगी पडेल, त्यांच्याकडे कात्री चालवायला एक रविवार असेल तर.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा संभाजीनगरला गेले तेव्हा चुकीची उत्तरे आणि मापाचा दोष एका कागदावर लिहून दुकानदाराला दिला. त्यांनी तो नीट वाचला, संच परत घ्यायची तयारी दाखवली, आणि कापलेल्या पट्ट्या पाहिल्यावर ती मागे घेतली, ज्यात त्यांचा काही दोष नाही. कागद उत्पादकाकडे पाठवतो म्हणाले. तोवर हा किंवा असाच दुसरा संच घेणाऱ्यांनी दुकानातच खोके उघडायला लावावे आणि हिरव्या पट्टीशेजारी पिवळे चौरस रांगेत ठेवून पाहावेत. चार, पाच किंवा सहा चौरस तंतोतंत बसत असतील तर दुसरा संच दाखवायला सांगावे.